निवड चाचणी

झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला कुणी नावानं हाक मारत नाही. "ओ ताई, दोन्ही बाजूंनी," "ओ ताई, जरा गडद काढा," एवढ्यावर अकरा वर्षं गेली. तीही यंत्रामागून मान वर न करता किती प्रती ते विचारायची. पण डोळे मात्र स्वस्थ नसायचे. खरेदीखतं, लग्नाची आमंत्रणं, कोर्टाच्या नोटिसा, जे हाताखालून जाई ते ती वाचून काढायची. वाचायचं नाही असं ठरवलं तरी जमायचं नाही तिला. अक्षर दिसलं की वाचून झालेलंच असायचं.

आणि हिच्या पोटी अशी मुलगी यावी, की साडेनऊ वर्षांची झाली तरी तिला एक ओळ धड वाचता येऊ नये!

पोरगी तशी ढ नव्हती हो. एकदा कानावर पडलं की विसरायची नाही. जाहिराती, बसमधल्या सूचना, शेजारच्या नवराबायकोचं भांडण, सगळं जसंच्या तसं, आवाजासकट. म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं होतं रेडिओ. पण पुस्तक समोर धरलं की रेडिओ बंद. 'घ' आणि 'ध' तिला एकच दिसायचे, 'म' आणि 'भ' तर जुळे भाऊ. जोडाक्षर आलं की ती सरळ खिडकीबाहेर बघायची.

मदत शोधायला आईनं काय कमी पायपीट केली? डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, नजर उत्तम आहे, चष्मा नको. शिकवणीला घातलं. शिकवणीच्या बाई चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावायच्या, आणि रेडिओ तो शंभरही वेळा चुकीचाच लिहायची, अगदी वळणदार अक्षरात. वर्गबाईंकडे गेलं की एकच ठरलेलं उत्तर, "घरी लक्ष द्या." लक्ष द्या म्हणजे काय द्या, हे काही त्यांनी कधी सांगितलं नाही. लक्ष म्हणजे काय दुधाचं पातेलं आहे, समोर उभं राहिलं की उतू जायचं थांबलं? तिसरीत एकदा मागं ठेवून झालं होतं. या वर्षीही वाचता आलं नाही तर दाखला घेऊन जा, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

अशात त्या केंद्राचा पत्ता लागला. दुकानापासून चार इमारती सोडून, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. वाचन-लेखन मदत केंद्र. ज्या मुलांना अक्षरं दाद देत नाहीत अशांना तिथं रोज संध्याकाळी वेगळ्या पद्धतीनं शिकवत. वर्षातून एकदा वीस मुलं घेत, आणि दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल घेत नसत. रेडिओला दहा पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

केंद्राच्या पत्रकात लिहिलं होतं, 'निवड चाचणीनंतर वीस मुलांना प्रवेश दिला जाईल.'

झालं! चाचणी म्हटल्यावर आईनं हिशेब मांडला. अर्ज आले होते शेहेचाळीस. शेहेचाळिसात वीस, आणि त्यात आपली रेडिओ! कसं व्हायचं?

तुम्ही म्हणाल, एवढी वाचणारी बाई, तिला कळू नये? पण जन्मभर तिनं निवड पाहिली ती कुठली? नोकरीची, खेळाच्या संघाची, कॉलेजची. पुढचे घेतात, मागचे घरी पाठवतात. दुसरी कसली निवड असते, हे तिला कुणी दाखवलं होतं?

चाचणीच्या नऊ दिवस आधी केंद्राच्या बाई स्वतः दुकानात आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणाऱ्या. त्यांनी तपकिरी पाकीट काउंटरवर ठेवलं.

"पन्नास प्रती. दुकानाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत हं, ताई."

"आमच्याकडनं आजवर गेलंय का कधी?" मागून मालकांनी उत्तर दिलं. ते खरंच होतं. आसपासच्या सगळ्या शाळांच्या प्रश्नपत्रिका याच दुकानात निघायच्या, त्या याच विश्वासावर. आधीच्या पोऱ्यानं कॉलेजचा एक पेपर मित्राला दाखवला, तर मालकांनी त्याला अर्ध्या चहावरून उठवून कामावरून काढलं होतं. मालकांना आई 'काका' म्हणायची. काका वाईट माणूस नव्हते, पण या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती.

पाकिटात एकच पान होतं. वर वाचनाचा उतारा, खाली श्रुतलेखनाचे दहा शब्द. 'एका गावात एक छत्रीवाला होता. तो साऱ्या गावाच्या छत्र्या दुरुस्त करी. त्याची स्वतःची छत्री मात्र फाटकी होती.' अशा बारा ओळी. वाचून झालेलंच होतं, काय करणार!

सदतिसाव्या प्रतीला कागद अडकला. यंत्राचं दार उघडून तिनं तो हळूच ओढून काढला. कोपरा चुरगळलेला, एका बाजूला काळा पट्टा, पण अक्षर न् अक्षर शाबूत. अडकलेला कागद तिथल्या तिथं फाडायचा, हा दुकानाचा नियम. काका फोनवर होते. आईनं त्याची चौघडी घातली आणि पर्समध्ये टाकली. इतकं सहज जमलं, हे तिला नंतर फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला घरात शाळा भरू लागली. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सातला निघायचा. जाताना तो बघायचा, मायलेकी जमिनीवर बसल्यात, मधे कागद. आईनं तो मोठ्या अक्षरांत हातानं उतरवून काढला होता. "छान चाललंय," म्हणून तो जायचा. त्याला वाटलं, अभ्यास.

आई ओळ म्हणायची, रेडिओ मागं म्हणायची. दोन दिवसांत बाराच्या बारा ओळी तोंडपाठ. मग आईनं बोट शिकवलं. कुठल्या शब्दाला बोट कुठं, ओळ संपली की खाली कसं यायचं, कुठं जरा अडखळायचं म्हणजे खरं वाटेल. हो, अडखळायलासुद्धा शिकवलं तिनं! दहा शब्द चित्रासारखे गिरवून घेतले, ओळीनं, पहिलं चित्र, दुसरं चित्र.

आठव्या दिवशी रेडिओनं बोट फिरवत सगळा उतारा घडाघडा म्हटला आणि मान वर करून विचारलं, "आई, हेच वाचणं असतं का?"

आता काय सांगायचं? उद्या चाचणी.

"हो," आई म्हणाली. "हेच."

रेडिओचा चेहरा असा फुलला की आईला दुसरीकडे बघावं लागलं.

चाचणीला तिनं बापाला पाठवलं. स्वतः गेली तर केंद्राच्या बाई ओळखतील, ही धास्ती. बाप परत आला तो लेकीला खांद्यावर घेऊनच, एवढी मोठी घोडी झालेली तरी. "अगं, बाहेर ऐकू येत होतं! एकदाही थांबली नाही. त्या बाई दारापर्यंत सोडायला आल्या, पाठ थोपटली हिची." कामावरच्या प्रत्येक माणसाला त्यानं ते सांगितलं. घरी आइस्क्रीम आलं. रेडिओ दिसेल तो कागद हातात धरून वाचू लागली. औषधाच्या डबीवर छत्रीवाला, विजेच्या बिलावर छत्रीवाला. बाप हसायचा, त्याला वाटायचं पोरगी गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. ते फक्त आईला ठाऊक होतं.

गुरुवारी केंद्राच्या बाई यादी घेऊन आल्या. पाच प्रती. आईनं कागद काचेवर ठेवायच्या आधीच वाचून काढला. मुलांची नावं नव्हती, अर्जाचे क्रमांक होते. सव्वीस, अठ्ठावीस, तेहेतीस. रेडिओचा क्रमांक एकतीस. तिनं पुन्हा वरपासून पाहिलं. एकतीस नव्हता.

"बाई, एकतीस राहिला का यात?" आवाज शक्य तेवढा साधा ठेवून तिनं विचारलं.

"एकतीस? छत्रीवाला खणखणीत वाचणारी ती? तुमच्या ओळखीची आहे?"

"मुलगी आहे माझी."

"अहो, मग तोंड गोड करा की!" बाई मनापासून हसल्या. "काय सुंदर वाचते. शब्दही दहाच्या दहा बरोबर. तिला आमची गरजच नाही. मी शाळेला कालच पत्र पाठवलंय, या मुलीचं वाचन वयाच्या मानानं उत्तम आहे, हिला मागं ठेवू नका म्हणून."

"पण निवड..."

"निवड म्हणजे ज्यांना येत नाही त्यांची. ज्यांना येतं त्यांना घेऊन काय करू मी?"

आईनं झाकण बंद केलं आणि बटण दाबलं. उजेडाची पट्टी एकीकडून दुसरीकडे गेली. घरी डाळ निवडताना आपण वेचून काय काढतो? डाळ नाही, खडे. डाळ ताटातच राहते. रोज करतो, रोज 'निवडते' म्हणतो, आणि हा अर्थ एकदाही डोक्यात येऊ नये? स्वतःच्या मुलीला ती आठ दिवस घासूनपुसून डाळीच्या दाण्यासारखी करत बसली होती, आणि बाई तिकडे खडे शोधत होत्या. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"उद्या दुपारी यादी लावते," बाई प्रती उचलत म्हणाल्या. "सोमवारपासून वर्ग."

त्या गेल्या. बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं. पण काका दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

संध्याकाळी रेडिओ घरी आली ती पाय ओढत. वर्गबाईंना पत्र मिळालं होतं. त्यांनी हिला धडा वाचायला उभं केलं.

"मी म्हटलं, येत नाही. तर म्हणाल्या, तिथं येतं आणि इथं येत नाही? दोन वर्षं मला बनवलंस? नाटकी कुठली! मग शाळा सुटेपर्यंत उभं केलं." रेडिओ रडली नव्हती. नुसती विचारात पडली होती. "आई, तिथला कागद सोपा होता. इथल्या पुस्तकातला कागद खराब आहे बहुतेक."

ढ होती तोवर निदान कीव तरी यायची कुणाला. आता ती लबाड ठरली, आणि ठरवणारी कोण, तर जन्मदाती.

बाप घरी आल्यावर तिनं रेडिओला शेजारी खेळायला पाठवलं आणि सगळं सांगितलं. तो बूट काढत होता, एक पायात, एक हातात.

"म्हणजे तिला येत नाही?"

"नाही."

"एक ओळही?"

"नाही हो."

त्यानं हातातला बूट जागेवर ठेवला. मग म्हणाला, "गप्प बस तू. कुठं बोलू नकोस. अकरा वर्षांची नोकरी आहे तुझी. शाळेला तर वाटतंय ना तिला येतं? ढकलतील पुढं."

"आणि पुढं काय करेल ती? औषधाच्या डबीवर छत्रीवालाच वाचेल ना जन्मभर? एखाद दिवशी भलतंच औषध घेईल पोटात!"

"ओरडू नकोस."

"ओरडते मी! माझ्यावरच ओरडते, तुमच्यावर नाही."

त्याचा दुसरा बूट काढायचा तसाच राहून गेला.

शुक्रवारी सकाळी आईनं रेडिओला शाळेत पाठवलं नाही. तिला घेऊन ती केंद्राचा जिना चढली. केंद्राच्या बाई भिंतीवर अक्षरांचे तक्ते लावत होत्या. आईनं पर्समधली चौघडी काढून टेबलावर उलगडली. चुरगळलेला कोपरा, काळा पट्टा.

बाईंना समजायला वेळ लागला नाही. खुर्चीत बसल्या त्या.

"का?" एवढंच विचारलं त्यांनी.

"मला वाटलं, हुशार मुलंच घेता तुम्ही."

"अहो, नाव वाचा ना केंद्राचं! मदत केंद्र! हुशारांना मदत कशाला हवी?" बाईंचा आवाज चढला. "तुम्ही मला विचारलं का नाही? रोज समोरून जाते मी."

आईला लाज वाटत होती. अक्षरं विकून पोट भरणाऱ्या बाईची मुलगी अक्षरशत्रू, हे काउंटरवर उभं राहून कसं सांगायचं?

बाईंनी खणातून दुसरा कागद काढला आणि रेडिओसमोर ठेवला. "बाळा, हे वाचून दाखव बरं."

रेडिओ आईकडे पाहून हसली. मग तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एका गावात एक छत्रीवाला होता..."

कागदावर बस चुकलेल्या शेळीची गोष्ट होती. सात ओळींची. बोट ओळीमागून ओळ खाली आलं, शिकवलं होतं तिथं नेमकं अडखळलं, सातवी ओळ संपली तरी थांबलं नाही. कागद संपला, आणि बोट टेबलाच्या लाकडावरून सरकत राहिलं. "...तेव्हा गावकरी म्हणाले, आज तुझी छत्री आम्ही शिवतो." बाराव्या ओळीपर्यंत तिनं नेलं. बाईंनी तिला मधे थांबवलं नाही. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला होता.

"हा एकच शब्द सांग," शेवटी त्या म्हणाल्या आणि 'बस'वर पेन्सिल टेकवली.

रेडिओनं पाहिलं. आईकडे पाहिलं. आईनं ओठ मिटून घेतले.

"छत्री?" रेडिओ म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून पुटपुटली, "फाटकी?"

रेडिओनं बोट कागदावरून उचललं आणि मुठीत लपवलं.

"वीसच्या जागी एकवीस करते," बाई म्हणाल्या. "दाटीवाटीनं बसतील. सोमवारी चारला पाठवा. शाळेलाही नवं पत्र देते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुमच्या मालकांना हे सांगावं लागेल, ताई. उद्या दुसरा कागद द्यायचा तर मी कुठल्या तोंडानं देऊ? आणि बाकीच्या शाळा?"

"तुम्ही नका सांगू," आई म्हणाली. "मीच जाते सांगायला."

दुकानात काकांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. रेडिओ काउंटरला टेकून उभी होती. तिला बाहेर थांबवायचं भानच आईला राहिलं नव्हतं.

"जादा प्रत काढलीस?"

"नाही काका. अडकलेली होती. फाडली नाही."

"फाडायची होती गं," काका म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "ज्यांना येत नाही त्यांना घेणारी चाचणी, आणि तू तिचा पेपर चोरून पोरीला पास केलंस? असं कुणी केलेलं ऐकलं नाही बाई मी आजवर." त्यांनी हात पुढे केला. आईनं जुडग्यातून दुकानाची किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख तुटलं. बाहेर एक माणूस ओळखपत्र हातात घेऊन उभा होता. "ओ ताई, दोन प्रती," तो म्हणाला. काका स्वतः यंत्राकडे गेले.

रस्त्यावर आल्यावर आईनं रेडिओचा हात धरला. फुटपाथवर पाइप दुरुस्तीचं खोदकाम चालू होतं, तिथून वळसा घ्यावा लागला.

"आई, मी पास झालेच नव्हते का?"

"नाही." मग तिला वाटलं, आता तरी सगळं खरं सांगावं. "तुला वाचता येत नाही, राणी. मी तुझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. वाचणं तसं नसतं. चूक माझी आहे."

"आणि ती परीक्षा येत नाही त्यांच्यासाठी होती?"

"हो."

"म्हणजे ज्यांनी चुका केल्या ते आत?"

"हो गं बाळा."

रेडिओ थांबली. तिला आता रडू फुटत होतं, कालपासूनचं सगळं.

"मग मला तसं सांगायचंस ना," ती म्हणाली. "चुकायला मला येतं की. तेवढंच तर मला येतं."

तिनं हात सोडवून घेतला आणि आईच्या चार पावलं पुढं एकटीच चालू लागली.